काटा अर्ध्यावर, टाकी रिकामी!

१९५७ सालची एक शेव्हरोले मोटार आहे असे समजा. अमेरिकेत तयार झालेली, लांबलचक, मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे पंख असलेली. मालकाने ती मोठ्या हौसेने दुरुस्त केली आहे. पेट्रोलच्या टाकीतला मोजणारा भाग गंजून गेला होता, म्हणून त्याने नवा आणून बसवला. टाकी गच्च भरली. सुमारे साठ लिटर पेट्रोल मावले. काटा ‘भरलेली’ या खुणेवर गेला, किंबहुना जरा पलीकडेच गेला. मालक खूश!

एवढी जड मोटार लिटरला सहा किलोमीटर जाते असे धरू. दोनशे किलोमीटर झाले तरी काटा जागचा हलला नाही. दोनशे चाळीस किलोमीटर झाल्यावर तो हळूहळू उतरू लागला. तीनशेव्या किलोमीटरला तो बरोबर अर्ध्यावर आला. मालकाने हिशेब केला : अर्धी टाकी म्हणजे तीस लिटर, तीस लिटर म्हणजे एकशे ऐंशी किलोमीटर. पुढचा पंप शंभर किलोमीटरवर आहे, काही हरकत नाही. आणि साठ किलोमीटर गेल्यावर मोटार आडरानात, भर दुपारी, बंद पडली. टाकीत थेंब नव्हता.

नवा भाग बिघडलेला नव्हता. काटाही बिघडलेला नव्हता. तारा नीट जोडलेल्या होत्या. तरीही काट्याने मालकाला तब्बल वीस लिटरने फसवले. हे कसे घडले, याचा उलगडा शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने पुरता होतो. कागद-पेन्सिल जवळ घ्या. मध्ये थोडी गणिते आहेत.

काडी बुडवून पाहण्याचे दिवस

पेट्रोल किती उरले हे पाहण्याची सगळ्यांत जुनी रीत म्हणजे टाकीत काडी बुडवणे. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ साली बाजारात आली. तिची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. बैठक उचलायची, झाकण काढायचे, खुणा केलेली लाकडी पट्टी आत सोडायची आणि किती भाग ओला झाला ते पाहायचे! या पद्धतीत खोटे बोलायला जागाच नाही. नंतरच्या ‘मॉडेल ए’ मोटारीत टाकी चालकाच्या अगदी समोर, पुढच्या काचेखाली आणली. आतला तरंगता तुकडा वर-खाली झाला की त्याला जोडलेली आकड्यांची चकती चालकाला समोर दिसे. वीज नाही, तार नाही.

फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ मोटारीत तर १९६१ पर्यंत काटाच नव्हता. पायाजवळ एक खटका असे. मोटार आचके देऊ लागली की तो फिरवायचा. मग राखीव पेट्रोल मिळे. हा प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे स्कूटर आणि मोटारसायकलींवर कित्येक वर्षे हीच ‘रिझर्व्ह’ची तोटी होती. तीही उलटली की स्कूटर एका अंगावर कलती करून तळचे पेट्रोल नळीकडे आणायचे, ही विद्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. विचारून पाहा.

पण टाकी मोटारीच्या मागच्या टोकाला गेली आणि चालक पुढे राहिला, तेव्हा दोघांमध्ये निरोप पोचवणारा कोणीतरी हवा झाला. ते काम विजेकडे आले.

टाकीतला तरंगा

टाकीत बसणाऱ्या या भागाला सेंडर, म्हणजे निरोप धाडणारा, असे म्हणतात. त्याची रचना अगदी साधी आहे. पेट्रोलवर तरंगणारा एक तुकडा असतो, बुचाचा, पितळेच्या पोकळ डबीचा किंवा प्लॅस्टिकचा. आपण त्याला तरंगा म्हणू. तो एका वाकवलेल्या सळईच्या टोकाला असतो. सळईचे दुसरे टोक एका खिळीभोवती फिरते. सळई फिरली की तिच्याबरोबर एक छोटी धातूची पट्टी, गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यावरून घासत जाते. पट्टी एका टोकाकडे असली तर विजेला थोडीच तार ओलांडावी लागते, म्हणजे रोध कमी. दुसऱ्या टोकाकडे गेली तर रोध जास्त. प्रयोगशाळेतला रिओस्टॅट तुम्ही हाताने सरकवता. हा रिओस्टॅट पेट्रोल सरकवते, इतकाच फरक.

सेंडरला पेट्रोलचे काही कळत नाही, लिटर कळत नाहीत. तो फक्त एक आकडा तयार करतो, अमुक इतके ओहम. त्या आकड्याचा अर्थ लावायचे काम समोरच्या फळीवरच्या काट्याचे. आणि गोंधळ सुरू होतो तो इथेच.

दोन प्रकारचे काटे

जुन्या मोटारींतले काटे मुख्यतः दोन प्रकारचे होते.

पहिल्या प्रकारात दोन वेटोळी असतात, आणि त्यांच्या मध्ये एक लोखंडी तुकडा, ज्याला काटा जडवलेला असतो. बॅटरीकडून आलेली वीज आधी एका वेटोळ्यातून जाते. याला ‘रिकामे’ वेटोळे म्हणू. मग तिला दोन वाटा फुटतात. एक वाट दुसऱ्या, म्हणजे ‘भरलेल्या’ वेटोळ्यातून मोटारीच्या सांगाड्याला जाते; दुसरी वाट टाकीतल्या सेंडरमधून सांगाड्याला जाते. सेंडरचा रोध शून्य असला तर सगळी वीज ती सोपी वाट धरते, ‘भरलेले’ वेटोळे उपाशी राहते आणि काटा रिकाम्याकडे ओढला जातो. सेंडरचा रोध वाढला की वीज ‘भरलेल्या’ वेटोळ्यातून जाऊ लागते आणि काटा तिकडे सरकतो. काटा दोन ओढींच्या मध्ये उभा असतो, रस्सीखेचीतल्या रुमालासारखा. यातली खुबी लक्षात घ्या : बॅटरीचा दाब कमी झाला तर दोन्ही ओढी सारख्याच प्रमाणात कमी होतात आणि रुमाल जागेवरच राहतो. बॅटरी अशक्त असली तरी काटा बदलत नाही. शेव्हरोलेचा काटा या जातीचा.

दुसऱ्या प्रकारात द्विधातू पट्टी असते. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या. तापल्यावर एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी, म्हणून जोडपट्टी वाकते. विजेच्या इस्त्रीत ठरावीक तापमानाला वीज तोडणारी पट्टी हीच. काट्यामध्ये या पट्टीभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते. प्रवाह जास्त तर उष्णता जास्त, वाकणे जास्त, काटा पुढे. हा काटा मंद असतो. चावी फिरवल्यावर तो सावकाश चढतो आणि वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले तरी थरथरत नाही. मात्र त्याची एक अडचण आहे. बॅटरीचा दाब कमी-जास्त झाला की प्रवाहही कमी-जास्त होणार आणि काटा चुकणार. म्हणून या काट्यांना दाब स्थिर ठेवणारी एक डबी जोडावी लागते. अमेरिकन फोर्ड मोटारींत तिचा सरासरी दाब ५ व्होल्ट असे, तर स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या काट्यांना १० व्होल्टची डबी असे. गंमत अशी की त्या डबीतही एक द्विधातू पट्टीच असते! ती तापून संपर्क तोडते, निवून पुन्हा जोडते, आणि वीज अशी तुटक-तुटक जाऊन सरासरी दाब कमी राहतो. काटा मंद असल्यामुळे त्याला ही उघडझाप जाणवत नाही.

या डबीवरूनच एक उपयोगी खूण मिळते. पेट्रोलचा काटा आणि इंजिनच्या उष्णतेचा काटा, दोन्ही एकाच वेळी वाजवीपेक्षा जास्त दाखवू लागले, तर टाकी उघडण्याआधी डबी तपासावी. एकाच दिवशी दोन सेंडर बिघडण्याचा संभव फार थोडा.

आकड्यांची बोली

आता सेंडरचे आकडे पाहा. जनरल मोटर्स कंपनीच्या (शेव्हरोले हिचीच) १९६४ पर्यंतच्या मोटारींत टाकी रिकामी असताना रोध ० ओहम आणि भरलेली असताना ३० ओहम. १९६५ पासून कंपनीने तो बदलून ० ते ९० केला. फोर्डच्या जुन्या मोटारींत सगळे उलटे : रिकामी असताना ७३ ओहम, भरलेली असताना सुमारे १०. स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीची पद्धत रिकामी २४०, भरलेली ३३. जर्मनीच्या व्हीडीओ कंपनीचे बरेच सेंडर रिकामे १०, भरलेले १८०.

प्रत्येक कंपनीने आपला काटा आणि आपला सेंडर अशी जोडी ठरवली होती, आणि ती आपल्यापुरती बरोबरच होती. पण टाकीच्या तोंडावरची गोल तबकडी आणि स्क्रूची भोके पुष्कळदा सारखीच असतात. त्यामुळे एका जोडीतला सेंडर दुसऱ्या जोडीच्या टाकीत निमूटपणे बसतो. बसला म्हणजे जुळला, असे मालकाला वाटते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मोटारींचे मूळ भाग आता सहज मिळत नाहीत. आपल्याकडेही मुंबई-पुण्याला जुन्या मोटारींची संचलने होतात. त्यांतल्या एखाद्या मालकाला सुटे भाग कसे मिळवता असे विचारलेत, तर तास-दीड तास ऐकण्याची तयारी ठेवा!

आता आपली शेव्हरोले. तिचा काटा ०–३० बोलीचा. बाजारातून आणलेला सेंडर ०–९० बोलीचा. काटा रोधाच्या प्रमाणात सरकतो असे धरू (खऱ्या काट्यात थोडा फरक पडतो, पण आपल्या कामाला हे पुरे). टाकी पूर्ण भरली तेव्हा सेंडर ९० ओहम म्हणाला. काट्याला ३० म्हणजेच पूर्ण भरलेली. ९० ऐकून तो खुणेपलीकडे जाऊन अडकला. रोध ३० वर केव्हा येईल? टाकीत एक तृतीयांश, म्हणजे वीस लिटर उरल्यावर. तोपर्यंत चाळीस लिटर जळून गेलेले असतात आणि काटा हललेला नसतो. दहा लिटर उरले तेव्हा रोध १५ ओहम. काट्याच्या भाषेत अर्धी टाकी. मालकाचे तीस लिटर ते हे.

पंचेचाळीस ओहमची मलमपट्टी

तुमच्यापैकी काहींना एव्हाना उपाय सुचला असेल. रोध जास्त होतो ना? मग सेंडरला समांतर एक रोध जोडून तो कमी करावा. किती ओहमचा? टाकी भरलेली असताना ९० आणि नवा रोध मिळून ३० व्हायला हवेत. समांतर जोडणीचे सूत्र वापरा. एक भागिले तीस उणे एक भागिले नव्वद, म्हणजे दोन भागिले नव्वद. उलट केले की ४५. पंचेचाळीस ओहमचा एक रोध जोडला की भरलेल्या टाकीला बरोबर ३० ओहम. आणि रिकाम्या टाकीला? शून्याला काहीही समांतर जोडले तरी शून्यच. दोन्ही टोके अचूक जुळली! हा उपाय स्वस्त आहे आणि बरेच जण तो करतात.

पण मध्ये काय होते ते पाहायला हवे. टाकी अर्धी असताना सेंडर ४५ ओहम देतो. त्याला समांतर ४५. मिळून साडेबावीस. काट्याला अर्ध्या टाकीला हवे होते १५; साडेबावीस म्हणजे त्याच्या लेखी पाऊण टाकी! आणखी खाली या. टाकी पाव असताना सेंडर साडेबावीस. त्याला समांतर ४५ जोडले की येतात बरोबर १५. काटा सांगतो अर्धी टाकी. टाकीत एक अष्टमांश उरले, म्हणजे साठातले साडेसात लिटर, तर सेंडर सव्वाअकरा ओहम, मिळून ९ ओहम. काटा साठ लिटरच्या तीन दशांशावर, म्हणजे अठरा लिटरवर, उभा. आलेखकागदावर हे बिंदू मांडून बघा. दोन्ही टोके सरळ रेषेवर बसतील आणि मधला भाग धनुष्यासारखा वर उचललेला दिसेल.

ही चूक नेमकी कोणत्या दिशेची आहे याकडे लक्ष द्या. काटा असलेल्यापेक्षा कमी दाखवत असता तर मालक फार तर पंपावर लवकर गेला असता. हा काटा असलेल्यापेक्षा जास्त दाखवतो. माझ्या मते म्हणूनच ही मलमपट्टी नुसत्या न जुळणाऱ्या सेंडरपेक्षा जास्त फसवी आहे. न जुळणारा काटा खुणेपलीकडे जाऊन निदान संशय तरी उत्पन्न करतो. हा दोन्ही टोकांना खरे बोलून विश्वास संपादन करतो.

सगळीकडे अचूक उत्तर हवे असेल तर प्रत्येक पातळीला रोधाचा तिसरा हिस्सा झाला पाहिजे. तीन सारखे सेंडर एकमेकांना समांतर जोडले तर तसे होईल, पण एका टाकीत तीन तरंगे कोण बसवणार! मग तारच बदलायची. रोध तिसरा हिस्सा करण्यासाठी तार किती जाड हवी? छेदाचे क्षेत्रफळ तिप्पट, म्हणजे व्यास १.७३ पट, असे उत्तर तुम्ही झटकन द्याल. जरा थांबा. त्याच लांबीच्या साच्यावर जाड तारेचे वेढे कमी मावतात. व्यास वाढला त्याच पटीत वेढे घटले, म्हणजे तारेची लांबीही घटली. म्हणून साच्यावरचा एकूण रोध व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तीनचे घनमूळ सुमारे १.४४. तेवढीच जाड तार पुरे. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे. तार, लांबी आणि क्षेत्रफळ या तिन्ही गोष्टी यात एकदम येतात.

आता छोट्या इलेक्ट्रॉनिक पेट्याही मिळतात. पेटी सेंडरचा रोध मोजते, आपल्या स्मृतीतल्या कोष्टकात पाहते आणि काट्याला त्याच्या बोलीतला आकडा देते. खरीखुरी दुभाषी म्हणा ना! परंतु योग्य बोलीचा सेंडर मिळत असेल तर तोच बसवावा. पेटीला वीज लागते, तिचे सांधे सैल होतात. आणि जुन्या मोटारीत आधीच काय कमी सांधे असतात?

उलट्या दिशेची कथा

फोर्डचा काटा ७३–१० बोलीचा. त्याला २४०–३३ चा सेंडर मिळाला तर? दोन्हींची दिशा एकच : रिकामी असताना रोध जास्त, भरलेली असताना कमी. १०५ ओहमचा रोध समांतर जोडला की २४० चे बरोबर ७३ होतात. वा! पण ३३ चे होतात २५. पाहिजेत १०.

दुसरा एखादा रोध घेऊन, किंवा एक एकसर आणि एक समांतर जोडून, दोन्ही टोके जुळवता येतील का? थोडा वेळ प्रयत्न करा आणि मग गुणोत्तरे काढा. २४० भागिले ३३ म्हणजे ७.२७. ७३ भागिले १० म्हणजे ७.३. गुणोत्तर जवळजवळ तेच. एकसर रोध जोडला तर दोन्ही आकड्यांत सारखीच भर पडते आणि गुणोत्तर घटते. समांतर जोडला तर मोठा आकडा जास्त कापला जातो, लहान कमी. गुणोत्तर पुन्हा घटतेच. साध्या रोधांनी गुणोत्तर वाढवता येत नाही आणि तेच राखून आकडे लहानही करता येत नाहीत. म्हणजे हा प्रश्न दुकानातल्या रोधांनी सुटणारच नाही. प्रयत्न न करता हे सांगता येते, हीच गणिताची मौज.

पंचवीस ओहमला फोर्डचा काटा कुठे थांबेल? काट्यातल्या तापणाऱ्या तारेचा रोध १३ ओहम धरू आणि दाब ५ व्होल्ट. भरलेल्या टाकीला, म्हणजे १० ओहमला, प्रवाह येतो ०.२२ अँपिअर, रिकाम्या टाकीला, म्हणजे ७३ ओहमला, ०.०५८. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे भरलेल्या टाकीला रिकामीच्या सुमारे चौदापट उष्णता मिळते. २५ ओहमला प्रवाह ०.१३ अँपिअर. वर्ग करून पाहाल तर काटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच अडकलेला दिसेल. टाकी गच्च भरलेली, आणि काटा म्हणतो एक तृतीयांश!

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. अर्ध्या टाकीला काटा मध्यावर यायला हवा असेल तर सेंडरचा रोध किती हवा? ७३ आणि १० यांची सरासरी साडेएकेचाळीस असे वाटेल. गणित करा, उत्तर १८ च्या जवळपास येते. म्हणून अशा सेंडरमधली तार सगळीकडे सारखी गुंडाळून चालत नाही. साचा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद करतात, म्हणजे वेढ्याची लांबी, आणि रोध, जागोजागी बदलतो. टाकीच्या आकारासाठीही हीच युक्ती लागते. आडवी ठेवलेली नळकांड्यासारखी टाकी चतुर्थांश उंचीपर्यंत भरली तर तिच्यात पंचवीस टक्के पेट्रोल नसते; साडेएकोणीस टक्केच असते, कारण तळ अरुंद आहे. तरंग्याला फक्त उंची कळते. उंचीचे लिटर करण्याचे काम तारेच्या गुंडाळण्यातच लपवलेले असते.

गंज, बूच आणि लाख

सेंडर बरोबर आणला तरी दोन शत्रू उरतात. पहिला गंज. सेंडरमधली वीज परत जाते ती टाकीच्या पत्र्यातून आणि मोटारीच्या सांगाड्यातून. मध्ये गंज साचला की वाटेत फुकटचा रोध वाढतो. समजा ५ ओहम वाढला. शेव्हरोलेच्या ३० ओहमच्या पद्धतीत हा एक षष्ठांश झाला. रिकाम्या टाकीलाही काटा दहा लिटर दाखवणार. ९० च्या पद्धतीत तोच गंज एक अठरांश, म्हणजे जेमतेम सव्वातीन लिटरांची चूक करतो. फोर्डमध्ये तर उलटेच : रोध वाढला की काटा कमी दाखवतो. एकच गंज, पण एका मोटारीत तो चालकाला रस्त्यात अडकवतो, दुसरीत पंपावर लवकर पाठवतो. सेंडरच्या तबकडीपासून सांगाड्यापर्यंत वेगळी तार टाकली की हा शत्रू संपतो.

दुसरा शत्रू तरंग्याचा. पितळेच्या डबीचा सांधा उसवला की आत पेट्रोल शिरते, डबी बुडते आणि काटा कायम रिकामा. बुचाच्या तरंग्यावर पेट्रोल मुरू नये म्हणून पूर्वी लाखेचा लेप देत. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिशसाठी ती स्पिरिटमध्येच विरघळवतात. भारतात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. तेव्हा अशा जुन्या तरंग्याचे काय होणार ते तुम्हीच ताडा.

आता एक सक्त सूचना. पेट्रोलच्या टाकीवर प्रयोग करायचा नाही, रिकाम्या टाकीवर तर मुळीच नाही. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात असेल तेव्हाच ते मिश्रण पेट घेते. पेट्रोल असलेल्या बंद टाकीत वाफ बहुधा याहून दाट असते. उघडून रिकामी केलेल्या टाकीत हवा शिरून नेमके पेटणारे प्रमाण तयार होते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची ती अशी. नवा सेंडर बसवण्याआधी टाकीबाहेर, टेबलावर, हाताने सळई वर-खाली करून तपासावा, हे उत्तम. दोन टोकांचे आणि मधले ओहम मोजले की बोली कळते.

तेलाचा डबा आणि व्हॉल्यूम कंट्रोल

पाण्यावर मात्र हवा तेवढा खेळ करा. गोड्या तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा घ्या आणि वरचा पत्रा कापून कडा हातोडीने आत वळवून घ्या. एक किलो-ओहमचा साधा, सरळ प्रमाणात बदलणारा व्हॉल्यूम कंट्रोल रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळेल. तो एका लाकडी पट्टीवर बसवून पट्टी डब्याच्या काठावर पक्की करा. त्याच्या दांड्याला सायकलची जुनी आरी १८ सें.मी. लांब ठेवून घट्ट बांधा. आरीच्या टोकाला औषधाची छोटी प्लॅस्टिकची बाटली लावा. बाटली अर्धी पाण्याने भरलेली हवी. रिकामी बाटली पाण्याबरोबर वर जाईल, पण पाणी उतरताना दांडा फिरवायला तिचे वजन पुरणार नाही. खऱ्या सेंडरमध्ये खिळी मुद्दाम सैल ठेवतात ती याचसाठी.

तरंगा काठाखाली १४ सें.मी. असेल तेव्हा रोध शून्य येईल अशा बेताने दांडा फिरवून आरी पक्की करा; ती तुमची रिकामी टाकी. तरंगा काठाखाली ३ सें.मी. आला की टाकी भरली. मल्टिमीटर ओहमवर लावून तांब्या-तांब्याने पाणी ओतत जा आणि दर तांब्याला रोध लिहून ठेवा. भरलेल्या टाकीला साधारण दीडशे ओहम येतील. आलेख काढा, तो जवळजवळ सरळ यावा. कुठे वाकला तर आरीची लांबी आणि कोन यांचा विचार करा.

मग भरलेल्या टाकीचा जो रोध आला असेल त्याच्या साधारण निम्मा रोध व्हॉल्यूम कंट्रोलला समांतर जोडा, आणि तेच पाणी तांब्या-तांब्याने काढत पुन्हा आकडे लिहा. हीच तुमची शेव्हरोले. भरलेल्या टाकीचा नवा आकडा म्हणजे पूर्ण खूण धरून, तांबे निम्मे उरले असताना मीटरच्या हिशेबाने टाकी किती भरलेली आहे, ते त्याच आलेखकागदावर दुसऱ्या रंगाने मांडा.